रविवारचा फोन : फॉर्मेशन हाउसमधलं एक प्रकरण

आमच्या घरात, म्हणजे नन होऊ पाहणाऱ्या मुलींना तयार करणाऱ्या फॉर्मेशन हाउसमध्ये, फोनचं एक रजिस्टर असायचं. लांब वही, चार कॉलम, तारीख, कोण बोललं, कोणाशी, किती मिनिटं. धडगावच्या मुलीच्या नावापुढे जुलैमध्ये १५, १४, १५ असे आकडे आहेत आणि सप्टेंबरपासून ४, ३, ३, २. दर रविवारी हे आकडे मीच लिहीत होते, माझ्याच अक्षरात आहेत, आणि सहा महिने मला त्यात काही दिसलं नाही. फॉर्मेशनचं काम करणाऱ्या बाकीच्या सिस्टर आणि ब्रदर लोकांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं नीट लिहून काढतेय, माझी चूक कुठे झाली तेही.

नावं देणार नाही. घरात तसंही आम्ही गावावरूनच हाक मारायचो, खान्देशात ती सवय सगळीकडेच आहे, म्हणून इथेही तसंच लिहिते.

घर नंदुरबार जिल्ह्यात, शाळेच्या कंपाउंडमध्ये, मागे शेत. हिवाळ्यात मिरचीच्या पथारी पडल्या की वाऱ्यावर ठसका येतो आणि सकाळच्या मिस्सेत अर्ध्या मुली खोकत असतात, असा हा भाग. मी पोस्ट्युलंट मुलींची फॉर्मेटर, म्हणजे त्यांना तयार करणारी सिस्टर. नॉव्हिशिएट म्हणजे पहिली व्रतं घेण्याआधीचा काळ, आणि पोस्ट्युलन्सी म्हणजे त्याच्याही आधीची तयारी. ती किती महिने हे प्रत्येक संस्थेच्या घटनेत असतं, आमच्याकडे जून ते मे असं साधारण वर्षभर. नॉव्हिशिएट मात्र चर्चच्या कायद्याने बांधलेलं आहे, पूर्ण १२ महिने नॉव्हिशिएटच्या घरातच काढायचे, तीन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ते धरलंच जात नाही. तिथे एकदा गेलं की घरी जाणं येणं अवघड होतं. त्यामुळे घरच्यांशी नातं काय आणि कसं ठेवायचं हे पोस्ट्युलन्सीतच मार्गी लागलं पाहिजे. हे मला आज कळतं, तेव्हा मी अगदी उलटं समजत होते.

मुली सहा. धडगावची, घरी पावरी बोलणारी. नवापूरची, मावची बोलणारी, हिच्या घरातले निम्मे लोक प्रोटेस्टंट, नवापूर पट्ट्यात हे नेहमीचं आहे, काका पास्टर, त्यामुळे नन म्हणजे नेमकं काय हे तिला आधी घरातच दहा वेळा समजावून सांगावं लागलं होतं. नगरकडची एक, सगळ्यांत मोठी, २४ वर्षांची, नर्सिंग झालेली. वसईच्या दोघी. आणि रांचीची. आमचा नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग, १९८७ला पुण्यापासून वेगळा झाला, त्यात नगरकडची जुनी कॅथलिक गावंही येतात आणि हा सातपुडाही येतो, म्हणजे नगरची आणि धडगावची एकाच धर्मप्रांतातल्या, पण एकीच्या घरात पणजीपासून जपमाळ आणि दुसरीच्या घरात पहिल्यांदा जपमाळ हातात घेतली ती तिने स्वतः, आश्रमशाळेत असताना.

पहिले दोन महिने बरे गेले. बारीकसारीक भांडणं व्हायची, बादलीवरून, पंख्याखाली कोण झोपणार यावरून, ती व्हायचीच. एक भांडण मात्र "ताई" वरून झालं. नगरची सगळ्यांत मोठी पण दोन आठवडे उशिरा आली होती, तर तिला बाकीच्यांनी ताई म्हणायचं की आधी आलेल्या धडगावच्या १९ वर्षांच्या पोरीला? मी त्यांना सांगितलं की संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठाची नियमावली लिहिली त्यात हाच प्रश्न सोडवलाय, ज्या दिवशी मठात आलात त्या दिवसावरून क्रम, वय आणि घराणं बघायचं नाही, आणि कोणी कोणाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. मुलींना ते पटलं, पण गंमत अशी की शेवटी दोघीही एकमेकींना ताई म्हणायला लागल्या आणि वाद मिटला.

मग ऑगस्ट. रविवारी चार ते साडेपाच फोनचा टाइम, कॉमन रूममध्ये एकच फोन, प्रत्येकीला १५ मिनिटं. धडगावची आईशी बोलत होती, पावरीत, आणि मध्येच वसईच्या धाकटीचं नाव घेऊन खो खो हसली. नाव तेवढं कळलं, बाकी काही कळलं नाही. धाकटी तिथेच बसली होती. तिला वाटलं आपली टिंगल चाललीय, ती उठून गेली, रात्री जेवली नाही, दुसऱ्या दिवशी थोरली माझ्याकडे आली की सिस्टर ह्या लोकांना आपलं सगळं बाहेर सांगायची सवय आहे. "ह्या लोकांना" हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला. तो तिथेच धरायला हवा होता.

मी काय केलं तर नियम केला. घरात, रिक्रिएशनमध्ये आणि फोनवर सगळ्यांनी मराठीतच बोलायचं, म्हणजे कोणाला संशय नको, सगळ्यांना सगळं कळेल, एक कुटुंब. मला तो नियम मनापासून चांगला वाटला होता. मी ज्या काळात आणि ज्या घरात तयार झाले तिथे घरून आलेलं पत्र आधी उघडलं जायचं आणि मग आम्हाला मिळायचं, माझी आई ते ओळखून पत्रात फक्त हवापाणी आणि गाईचं दूध लिहायची. त्या मानाने माझा नियम किती साधा असं मला वाटत होतं. डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती, की जुनी नाती सैल झाल्याशिवाय नवी घट्ट होत नाहीत.

आता धडगावच्या बाजूने बघा. तिचं घर एका पाड्यावर, घराजवळ रेंज नाही. आई रविवारी काम आटोपून पाड्याच्या वर टेकडीवर एका ठरलेल्या जागी जाऊन बसायची, तिथे रेंज येते, फोन भावाचा. दिवाळीनंतर भाऊ गुजरातला ऊसतोडीला गेला तो फोन घेऊन, तर आई शेजाऱ्याचा फोन मागून वर चढायची. एवढं करून फोन लागला की पलीकडून मुलगी मराठीत बोलते. आईची मराठी बाजारापुरती. मी नोव्हेंबरमध्ये एकदा तिथेच हिशेबाच्या वह्या घेऊन बसले होते तेव्हाचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. "हो. जेवले. बरी आहे. अभ्यास चालू आहे. तुम्ही कशा आहात?" आईला तुम्ही. कारण तिची मराठी आश्रमशाळेतली, सर आणि मॅडमशी बोलायची, त्या मराठीत आईला अगं तूगं करायला ती कधी शिकलीच नव्हती. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग आई काहीतरी बोलली, मग फोन बंद. मी रजिस्टरमध्ये ३ लिहिलं.

आणि त्याच काळात वसईच्या दोघी एकमेकींशी आणि घरी सामवेदी, त्यांची वसईकडची बोली, बोलत होत्या, रोज, माझ्यासमोर. सामवेदी बाकीच्या कोणालाही कळत नाही, मलाही निम्मी कळत नाही, पण ती मराठीसारखी कानाला लागते म्हणून तिला नियम लागतोय असं कोणाच्या मनातही आलं नाही. नियम सगळ्यांना होता आणि पाळावा लागत होता तो पावरी आणि मावचीला.

बाहेरून बघितलं तर घर शांत झालं होतं. भांडणं बंद. प्रोव्हिन्सच्या, म्हणजे आमच्या संस्थेच्या विभागाच्या, रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ग्रुप छान जुळलाय. धडगावची कमी बोलायला लागली ते मी प्रार्थनाशील झालीय असं धरलं. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच धरलं होतं.

मार्चमध्ये होळी आली. सातपुड्यात होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, गुजरातला गेलेली माणसं झाडून परत येतात. तिने दोन दिवस सुट्टी मागितली. मी म्हटलं ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे आणि मध्येच घरी जायची पद्धत नाही. ती बरं म्हणाली. दोन दिवसांनी येऊन म्हणाली, "सिस्टर, मग मला कायमचंच जाऊ द्या." कारण विचारलं तर खाली मान. मी परत परत विचारायला लागले आणि मग थांबले, कारण कोणाच्या मनातलं असं ओढून काढायचं नाही, सुपिरियरने, म्हणजे वरिष्ठाने, तर मुळीच नाही, हे चर्चच्या १९८३च्या कायद्यात स्पष्ट सांगितलेलं आहे आणि ते मी स्वतः मुलींना शिकवते.

कारण कळलं ते स्वयंपाकघरात. आमच्याकडे भाकरी करायला एक मावशी येतात, शहाद्याकडच्या, बोलणं अहिराणी. मी त्यांच्याजवळ बसले होते, त्या दादर ज्वारीच्या पिठाचा गोळा मळता मळता मान वर न करता म्हणाल्या, "सिस्टर, मायसंगे मायनी बोलीमाच बोलनं पडस. ते काय कोर्ट शे का?" मला आधी कळेना कशाबद्दल बोलतायत. मग म्हणाल्या, ती पोर फोन झाला की इथे मागच्या पायरीवर येऊन बसते आणि एकटीच पावरीत बोलते, फोनवर जे बोलायचं होतं ते.

त्या रात्री मी रजिस्टर उघडून आकडे पहिल्यांदा नीट बघितले.

आमच्या प्रोव्हिन्शियलना, म्हणजे विभागाच्या प्रमुख सिस्टरना, फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तिची आई काय म्हणते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नऊ महिने मुलगी माझ्याकडे होती आणि मी तिच्या आईशी एकदाही बोललेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की भाषेचा नियम चुकीचा होता, मी केला होता, आजपासून नाही, आणि धडगावच्या आणि नवापूरच्या मुलींची मी माफी मागते. नगरचीला ते आवडलं नाही, तिचं म्हणणं फॉर्मेटरने असं सगळ्यांसमोर खाली येऊ नये, आणि तिचं मत आजही तेच आहे. वसईची धाकटी मात्र जागेवरूनच म्हणाली, "मग आम्ही इतके दिवस सामवेदी बोलत होतो ते?" कोणी काही बोललं नाही. ते तिला स्वतःहून दिसलं याचा मला आजही आनंद आहे, माझ्या माफीपेक्षा त्या एका प्रश्नाने जास्त काम केलं.

होळीला आम्ही चौघी गेलो. धडगावची, वसईची धाकटी, रांचीची आणि मी. धडगावपर्यंत बस, पुढे जीप, शेवटी पायी. रात्रभर ढोल. तिचा चुलतभाऊ बुध्या झाला होता, अंगावर रंगाचे पट्टे, कमरेला भोपळे आणि घुंगरं, आणि तिने आम्हाला सांगितलं की जे असे नवस बोलून नाचतात ते पाळणी पाळतात, त्या दिवसांत खाटेवर झोपत नाहीत, बायकोपासून लांब राहतात. मग म्हणाली, "आमच्याकडे व्रत म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं, फक्त जन्मभराचं असतं हे माहीत नाही." मी दोन वर्षं व्रतांचा क्लास घेतेय, माझ्या क्लासमध्ये हे कधी आलं नव्हतं.

सकाळी चुलीपाशी वसईची धाकटी भाकरी थापायला बसली आणि धडगावचीची आई तिच्याकडे बघून हसायला लागली, आणि मग ऑगस्टचा उलगडा झाला. त्या रविवारी फोनवर मुलगी आईला सांगत होती की वसईच्या पोरीने पहिल्यांदा भाकरी थापली, ती हातातच फाटली, तिने तुकडे जोडून तशीच तव्यावर टाकली आणि पहिली भाकरी स्वतःच खाल्ली, दुसऱ्या कोणाला दिली नाही. आईला ते इतकं आवडलं होतं की तिने शेजारणींना सांगितलं होतं. सगळ्या पाड्यावर वसईच्या पोरीची भाकरी माहीत होती. धाकटी ऐकून रडली, मग परत थापायला बसली.

आता या प्रकरणातला मला सगळ्यांत मोठा वाटणारा भाग. दुपारी धडगावचीचे काका माझ्यासमोर येऊन बसले आणि सरळ विचारलं, "मुलगी तुम्ही नेली. आम्हाला काय?" सातपुड्यात मुलीच्या लग्नात देज मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं असतं, आपल्याकडच्या हुंड्याच्या उलट. मला आधी वाईट वाटलं, देवाच्या कामाला मुलगी दिली आणि हे पैशाचं बोलतात. पण काका पुढे बोलत राहिले तसं कळलं की प्रश्न रकमेचा नाहीच. देज ठरलं की दोन घरांचं येणं जाणं सुरू होतं. सणाला, मयताला, पेरणीला माणसं येतात, भांडण झालं तर बसायला येतात. त्यांचं म्हणणं एवढंच की पोरगी गेली आणि पलीकडून एक माणूस आलं नाही, ना बघायला ना बोलायला, ही कसली सोयरीक?

सोयरीक. हा शब्द मी फॉर्मेशनच्या कुठल्याच पेपरात वाचला नव्हता. चर्चचा कायदा म्हणतो की व्रतस्थांनी ख्रिस्तात एका विशेष कुटुंबासारखं जगायचं, आणि आम्ही ते वाचून मुलीला म्हणतो आजपासून हे तुझं कुटुंब. पण आमच्या समाजात मुलगी नव्या घरी जाते तेव्हा माहेर पुसलं जात नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती परत येते, झोका बांधतात, गाणी म्हणतात, आणि माहेरची माणसं तिच्या सासरी आली की तिचा तिथे मान वाढतो. आम्ही मुलीला सासर दिलं आणि माहेर बंद केलं, आणि मग ती आमच्यात मिसळत का नाही म्हणून विचार करत बसलो. मला आता असं ठाम वाटतं की मुलगी एकटी आमच्यात येत नाही, तिचं घर आमच्याशी जोडलं गेलं तर ती येते, आणि मुलींची आपसातली बहिणीची नाती तिथूनच चालू होतात, एकमेकींच्या आया माहीत झाल्यावर.

मी काकांना सांगितलं, देज देऊ शकत नाही, येणं जाणं ठेवू. ते म्हणाले, बघू.

त्यानंतर जे बदललं ते थोडक्यात. फोन कोणत्याही भाषेत, व्हरांड्यात, दार ओढून. दर महिन्याला कोणातरी एकीच्या घरी दुसऱ्या दोघी जायच्या, शक्यतो जिच्याशी पटत नाही तीच जाईल असं बघितलं. नवापूरचीकडे गेलो तेव्हा पास्टर काकांनी जेवणाआधी एवढी लांब प्रार्थना केली की वरण गार झालं, आणि निघताना त्यांनी आम्हा सगळ्यांची नावं वहीत लिहून घेतली, रोज प्रार्थनेत घ्यायला. नगरचीचे आजोबा एप्रिलमध्ये वारले तेव्हा सगळ्याच जणी गेलो, रात्रीची बस, आणि धडगावचीने न सांगता तिथल्या स्वयंपाकाचा ताबा घेतला. आखाजीला कंपाउंडमधल्या कडुलिंबाला झोका बांधला आणि मावशींनी गाणी म्हटली.

खर्च होतो, वेळ जातो, अभ्यासाचे दोन विषय मागे पडले, आणि आमच्यातल्या दोन मोठ्या सिस्टरांना अजून वाटतं की मी मुलींना घरकोंबडं करून ठेवलं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नॉव्हिशिएटमध्ये एकांत लागतो, घरची ओढ सोडावी लागते, हे खरंच आहे. पण स्वतःहून सोडणं आणि कोणीतरी काढून घेणं यातला फरक मी त्या मागच्या पायरीवर बघितलाय.

आता रांचीचीबद्दल, कारण ते लिहिलं नाही तर प्रकरण अर्धवट राहील. या सगळ्यात जिची मला कधी काळजी वाटली नाही ती ही. सगळ्यांशी हसून, सगळ्यांची कामं करणारी, होळीला सगळ्यात जास्त नाचलेली. मे महिन्यात तिने सांगितलं की ती जाणार. शांतपणे, विचार करून. तिला अडवायचा प्रश्न नव्हता, नॉव्हिससुद्धा केव्हाही मोकळेपणाने जाऊ शकते, ही तर पोस्ट्युलंट. तिकीट काढायला बसलो तेव्हा मी रांची टाकायला लागले तर ती म्हणाली, "सिस्टर, राउरकेला का निकालिए, वहाँ से बस है." तिचं गाव सिमडेगा जिल्ह्यात, रांचीपासून कितीतरी लांब. वर्षभर आम्ही तिला ज्या गावाच्या नावाने हाक मारली ते तिचं गावच नव्हतं, आणि तिने कधी दुरुस्त केलं नाही. त्याच आठवड्यात कळलं की ती शाळेच्या टीममध्ये हॉकी खेळायची. आमच्या कंपाउंडमध्ये एवढं मोठं ग्राउंड आहे.

ती लांबची म्हणून घरभेटीच्या यादीत तिचं घर आम्ही धरलंच नव्हतं. भाडं परवडत नाही हे कारण खरं होतं, पण तिच्या आईशी व्हिडिओवर बोलायला भाडं लागत नव्हतं. १९९४ साली रोमहून व्रतस्थांच्या सामूहिक जीवनावर जो दस्तऐवज निघाला त्यात स्पष्ट लिहिलंय की परिपूर्ण समुदाय अजून कुठेच नाही. ते वाक्य मला पूर्वी समजूत घातल्यासारखं वाटायचं.

पूर्वी आमच्याकडे कोणी सोडून जाणार असेल तर पहाटे, बाकीच्या चॅपलमध्ये असताना, गुपचूप पाठवायचे. नाश्त्याला एक खुर्ची रिकामी दिसायची आणि कोणी विचारायचं नाही. यावेळी मी ते होऊ दिलं नाही. आदल्या रात्री तिच्यासाठी प्रार्थना केली, ती का जातेय ते तिने तिला हवं तेवढं सांगितलं, मावशींनी वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकऱ्या केल्या, प्रवासासाठी वेगळ्या बांधून दिल्या. नंदुरबार स्टेशनवर सगळ्या गेलो. भुसावळला गाडी बदलायची होती, नगरचीने तिच्याबरोबर भुसावळपर्यंत जाते म्हणून हट्ट धरला आणि गेली, तिच्या शिस्तीच्या मतांसकट. धडगावचीने वर्षाच्या सुरुवातीला घरून आणलेल्या आमचुराची शेवटची पुडी तिच्या बॅगेत घातली.

धडगावची आता नॉव्हिशिएटला आहे, दुसऱ्या गावी. तिथे फोन फार कमी. म्हणून महिन्यातून एकदा मी तिच्या आईला फोन करते, आईला माझं मराठी थोडं कळतं, मला तिची पावरी अजिबात कळत नाही, तरी दहाएक मिनिटं जातात. काका पावसाळ्यात एकदा नंदुरबारच्या बाजाराला आले तेव्हा न सांगता घरी आले, चहा घेतला, मागचं शेत बघितलं, या जमिनीत भगर येणार नाही म्हणाले आणि गेले. सिमडेग्याची दर रविवारी चारला फोन करते, जी उचलेल तिच्याशी बोलते.

या जूनच्या नव्या बॅचच्या रजिस्टरमध्ये मिनिटांचा कॉलम नाही. त्या जागी दोन नवीन आहेत, "गाव, तिने सांगितलेलं" आणि "घरी रेंज केव्हा असते". अक्कलकुव्याकडच्या एका मुलीपुढे तिनेच लिहिलंय, आई आठवड्याच्या बाजाराला येते तेव्हा, दुपारी, झाडाखाली.